हडळीची सात पानं

१

शनिवारी सकाळी शाळेला निघता निघता हर्षदाने मोबाइल उघडला. आपली पानं एकदा डोळे भरून बघायची आणि मग दप्तर उचलायचं, एवढाच बेत. पण पुढच्याच क्षणी ती अशी काही किंचाळली, की दावणीची शेळी बिचकली आणि ओसरीवर बसलेल्या आबांच्या बशीतला चहा थेट धोतरावर आला.

“काय गं, इच्चू चावला का?”

“आबा, माझी पानं गेली!”

“कसली? खायाची?”

“चित्रांची वो! माझी गोष्ट! हडळीची!”

“हडळ गेली म्हंजी बरंच झालं की,” धोतर झटकत आबा म्हणाले.

पण ही हडळ जाऊन चालणारं नव्हतं. कवठे येमाईच्या हर्षदा वाघमोडेने अख्खा पावसाळा खर्ची घालून काढलेली ‘फलाटावरची हडळ’ ही आठ पानांची चित्रकथा होती. एका स्टेशनातल्या बाकड्यावर एक हडळ बसलेली असते. गाव सोडून जाणाऱ्यांची परतीची तिकिटं ती हळूच काढून घेते आणि खाऊन टाकते. म्हणून गेलेली माणसं परत येत नाहीत. ही कल्पना हर्षदाला स्वतःलाच इतकी आवडली होती, की सुचली त्या दिवशी ती चुलीपुढे बसून एकटीच टाळ्या वाजवत होती.

आणि काढली कशाने? बोटाने! काकाच्या जुन्या मोबाइलवर, काचेला तडा गेलेला चुकवत. त्या मोबाइलच्या पोटात एका वेळी एकच पान मावायचं. म्हणून पान पुरं झालं की ते इंटरनेटवरच्या सामायिक फडताळात चढवायचं आणि मोबाइलमधून पुसून टाकायचं, तेव्हा पुढच्याला जागा. शहाण्या माणसाने असं करू नये हे हर्षदाला माहीत होतं. मोबाइलला माहीत नव्हतं, त्याला ती काय करणार?

फडताळात आता तिच्या आठ पानांपैकी एकच उरलं होतं. चौथं.

तिने कचरापेटी उघडली. चुकून पुसलेली चित्रं तिथे पडलेली असतात. पेटी रिकामी होती. कुणीतरी ती मुद्दाम झाडून ठेवली होती.

म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं.

२

‘शाईकट्टा’ हा चित्रकथा काढायला शिकणाऱ्या मराठी पोरापोरींचा ऑनलाइन कट्टा. चाळीसेक नावं. त्यातली बहुतेक कधी बोलायचीच नाहीत, नुसती येऊन बघून जायची. बोलणारे मोजके. हाताची बोटं कशी काढायची, फुकटचे ब्रश कुठे मिळतात, चौकटीत अंधार किती भरायचा, सगळं तिथे शिकायला मिळायचं.

हर्षदाला तिथे आणखी एक गोष्ट मिळाली होती. शाळेत तिच्या चित्रांना “ए, माझ्या प्रयोगवहीत तेवढं हृदय काढून दे ना” याच्या पलीकडे भाव नव्हता. घरी आई म्हणायची, “रेघोट्या मारून झाल्या असतील तर लसूण निवड.” कट्ट्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं होतं, “या पोरीची रेघ जिवंत आहे.” ते वाक्य हर्षदाने इतक्यांदा वाचलं होतं, की डोळे मिटले तरी ते काळ्यावर पांढरं दिसायचं.

दर दिवाळीला कट्टा आपला दिवाळी अंक काढायचा. यंदाच्या अंकात हर्षदाची गोष्ट होती. आजवर वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या पोरीने दसऱ्याला सोनं वाटता वाटता अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं, “माझं नाव येणार आहे दिवाळी अंकात.” कुणाचा विश्वास बसला नव्हता. अंक रविवारी संध्याकाळी बंद होणार. नाव आलं नाही तर? पुन्हा मागचा बाक. पुन्हा हृदय काढून दे.

फडताळाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, चौघांकडे होती. एक सत्यजीतदादा, कट्ट्याचा कारभारी. सणसवाडीच्या कंपनीत कामाला, मूळचा पुण्याचा. त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. हर्षदाने बाकड्यामागे मनाने एक पिंपळ काढला होता, तर हा म्हणाला, “झाड खोड. तिथं पाण्याचा नळ घाल.” घातला, आणि चौकट खरंच जास्त खरी वाटू लागली. दुसरी अंकिता, शिरूरची, कॉलेजात जाणारी, अंकाची मांडणी करणारी आणि जिभेला धार असलेली. तिसरी माया, दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. कुणाला स्टेशन काढायचं असलं, की बघून काढायला फोटो ही पुरवायची. चौथी हर्षदा स्वतः. चौघेही एकाच खात्याने आत शिरायचे, त्यामुळे आत कोण येऊन गेलं हे कळायला मार्ग नव्हता.

आणि कट्ट्याचा नियम असा, की पुराव्याशिवाय कुणावर आळ घेतला की थेट बाहेर.

म्हणजे नुसतं “चोर, चोर” ओरडून भागणार नव्हतं. चोर कोण हे आधी पक्कं कळायला हवं होतं. आळ चुकला, तर पानांसकट कट्टाही जाणार.

हर्षदाने कागद घेतला नाही, पेन घेतलं नाही. हाफ डे सुटल्यावर ती सरळ शिरूरच्या गाडीत बसली.

३

अंकिता वडिलांच्या फ्लेक्सच्या दुकानात बसली होती. समोरच्या पडद्यावर कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस होता. भाऊंच्या डोक्यामागे वाघ, वाघामागे सूर्य.

“आलीस?” मान न वळवता अंकिता म्हणाली. “मला वाटलंच. पहिला संशय माझ्यावरच येणार.”

“मी कुठं काय म्हणलं?”

“म्हणायला कशाला पाहिजे? कपाळावर लिहिलंय तुझ्या.” तिने भाऊंच्या गालावरचे डाग पुसले. “हे बघ, मला तुझा राग येतो. खरं सांगते. कानामागून आलीस आणि तिखट झालीस. तू बोटाने काढतेस म्हणून सगळे ‘वा, वा’ करतात. मी पेनने काढलं की म्हणतात, हिच्याकडे काय, मशीन आहे.”

“तुझे हात किती भारी असतात पण! मी तुझे हात बघून बघून शिकले.”

अंकिताचं पेन थांबलं. “कोणाचे?”

“तू काढलेले. माणसांचे. बोटं.”

जराशाने अंकिता म्हणाली, “माझी चित्रं शिरूरभर टांगलेली असतात, हर्षदा. प्रत्येक चौकात. आणि त्यांच्याकडं चित्र म्हणून एक माणूस बघत नाही.” मग तिने नाक ओढलं आणि पुन्हा धारेवर आली. “पण पानं मी नाही पुसली. मुखपृष्ठ माझं ठरलं होतं. सत्यजीतदादाने तुझं चौथं पान बघितलं आणि माझं उडवलं. तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. पुसायचं असतं तर तेव्हाच नसतं का पुसलं?”

“चौथं पान? मेंढरं रूळ ओलांडतात ते?”

“तेच. आता जा, आणि पुन्हा चौकशीला येऊ नकोस, मला भाऊंना रात्रीच्या आत लटकवायचंय.”

हर्षदा दुकानाच्या पायरीवरून खाली उतरली आणि रस्त्याच्या मधोमध थबकली. मागून रिक्षावाल्याने हॉर्न मारला, तिला ऐकूही आला नाही.

अंकिताचा राग होता तो चौथ्या पानावर. आणि फडताळात जिवंत राहिलं होतं तेही चौथंच!

जळफळाट झालेल्या माणसाने सगळ्यात आधी तेच फाडलं असतं. मग सात पानं पुसून हे एक सोडणारा होता तरी कोण? आणि का?

४

“हॅलो, माया?”

पलीकडून आधी स्टेशनची घोषणा ऐकू आली, मग माया. “बोल गं. मी पुलावर हाय. ऐकलं मी. लई वाईट झालं.”

“तू पानं शेवटची कधी बघितलीस?”

“गुरुवारी. तू चेहरे भरलेस ना, तेव्हा.”

हर्षदाची कामाची रीतच तशी होती. बोटाने चेहरा काढताना एक जरी रेघ हुकली तरी सगळं बिघडतं. म्हणून ती आधी सगळं काढायची, लुगड्याच्या घड्यासुद्धा, आणि तोंडाच्या जागी नुसतं अंडं ठेवायची. सगळा पावसाळा तिची हडळ बिनचेहऱ्याची बसून होती. गुरुवारी तिने एकेक पान पुन्हा उतरवून घेतलं, चेहरे भरले आणि परत चढवलं.

“लई हुबेहूब काढलीस पण,” माया सांगत होती. “मी बघितलं आन् म्हणलं, अगं, ही तर आपली बाकड्यावरची मावशी!”

“कोण मावशी?”

“अगं, मी दिलेल्या फोटोत नव्हती का कडेला बसलेली? ती रोज संध्याकाळी असती तिथं. नाव कुणाला ठावं? पोरं येडी म्हणून चिडवत्यात. ती काय बोलत न्हाई कुणाला.”

हर्षदाला तो फोटो आठवला. फोटो तिनेच मोठा करून करून बघितला होता. त्या बाईचं नाक, हनुवटी, कपाळावरची बारकी खोक, सगळं तिनेच तर उतरवलं होतं. पण फोटोतलं माणूस खरोखरचं असतं, ते संध्याकाळी उठून कुठेतरी घरी जातं, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं! तिला चेहरा हवा होता, तिने घेतला. आणि त्याला हडळ केलं.

“माया, तुला वाईट वाटलं असेल तर… म्हणजे तू तर नाही ना…”

“मी? मला नको असतं तर मी फोटो देतानाच तिला कापून दिली नसती का? कोण बसलंय ते मला पहिल्यापासून ठावं हुतं.” ते खरंच होतं. माया पुढे म्हणाली, “आन् तो नळ! तो पण जिथल्या तिथं. मी तर तो फोटोत घेतलाच नव्हता. तुला कसं कळलं गं, तिथं नळ हाय ते?”

हर्षदाला कळलं नव्हतंच. तिने तिथे पिंपळ काढला होता.

फोन तिच्या कानालाच राहिला. माया “हॅलो, हॅलो” करत राहिली.

५

सत्यजीतदादाला फोन लागला तेव्हा मागे यंत्रांचा धडधडाट होता. तो बाहेर आला तसा आवाज दबला.

“बोल हर्षदा. मला फार वाईट वाटलं गं.”

“दादा, किल्ली आपल्या चौघांकडंच होती ना?”

“हां. पण आता कुणी केलं ते उकरून काय मिळणार? कट्टा फुटेल. तू असं कर, यंदा तुझं चौथं पान मुखपृष्ठावर राहू दे. नाव येईल तुझं. गोष्ट पुढच्या वर्षी घेऊ. मी स्वतः बसतो तुझ्यासोबत. नवीन काढू.”

किती चांगलं बोलत होता! हर्षदाचे डोळे भरून आले. कट्ट्यावर तिला पहिल्यांदा “ये, बस” म्हणणारा हाच. “तीच हडळ पुन्हा काढते ना, मी. मला पाठ आहे.”

“नाही!” तो फाडकन म्हणाला. “म्हणजे… हडळच कशाला? पोस्टमन काढ. जवान पोरगी काढ. म्हातारं माणूस काढायला लई अवघड, अजून तुझा हात बसला नाही.”

“बुधवारी तर तू लिहिलं होतंस, आठही पानं फर्स्टक्लास म्हणून.”

“चेहरे भरायच्या आधीची होती ती.”

 विचारावं की नको? विचारलं नाही, तर हा दादा तिचाच राहील. अंक गेला तरी कट्टा राहील. पण जीभ ऐकेल तर शपथ!

“दादा, तू दौंडला कधी गेलायस?”



“दौंड? छे. मी पुण्याचा. गाडीतून कधी दिसलं असेल, उतरलो नाही कधी.” आणि मग, “चल, सायरन झाला माझा.”

सायरन झाला नव्हता. झाला असता तर ऐकू आला असता.

६

कवठ्याला परतेपर्यंत दिवस कलला होता. आबा मेंढरं कोंडायच्या वाघुरीच्या दोऱ्या गुंडाळत बसले होते. मेंढरं विकून कैक वर्षं झाली, शेती आली, पण ते जाळं काही त्यांनी टाकून दिलं नव्हतं.

“घावला का चोर?”

“आबा, एक सांगा. तुमच्या वाघुरीतून कधी मेंढरू चोरीला गेलं तर कसं वळखायचा, कुणी नेलं ते?”

“राहिलेली बघायची,” आबा म्हणाले. “गेल्याली काय सांगणार? लांडगा शिरला तर जे पुढं यील ते धरतो. चोर शिरला तर जाडजूड बघून नेतो. आन् चांगलं गुबगुबीत सोडून एखादं मरतुकडंच नेलं, तर समजायचं, त्याचंच कुणाचं तरी आपल्या कळपात मिसळलं हुतं. धनी आला, आपलं वळखलं, घिऊन गेला. त्याला चोर न्हाई म्हणत.”

हर्षदा ताडकन उठली. आबांच्या गालाचा एक मुका घेतला आणि “ए, सोड!” हा ओरडा ऐकत ती मळ्याच्या बांधावर पळाली. तिथे रेंज बरी असते.

“दादा, फोन ठेवू नकोस,” ती एका दमात म्हणाली. “मी आळ घेत नाही. मी गोष्ट सांगते, तू नुसतं ऐक.”

त्याने फोन ठेवला नाही. 

“सात पानं गेली, चौथं राहिलं. अंकिताचा राग चौथ्यावर होता, म्हणजे ती नाही. जागा करायची म्हणून कुणी पुसलं असतं, तर चौथंच पुसलं असतं, मेंढरांमुळं ते सगळ्यात जड आहे. मग चौथ्यात काय वेगळं? चौथ्यात हडळ नाही. नुसती मेंढरं आणि रूळ. बाकी सातांत ती आहे. म्हणजे पुसणाऱ्याला माझी गोष्ट नको नव्हती, ती बाई नको होती. आणि पावसाळाभर ती तिथंच बसली होती तरी कुणी हात लावला नाही. गुरुवारी तिला चेहरा आला आणि ती गेली. ज्याला तो चेहरा बघून धक्का बसला, त्याने नेली. मायाला धक्का बसायचं कारण नाही, फोटो तिचाच. राहिलास तू. तू दौंडला उतरला नाहीस म्हणालास. मग फोटोत नसलेला नळ तुला कुठून दिसला, दादा?”

बांधावरच्या बाभळीत पाखरं कलकलत होती. 

“लहानपणी त्याच नळावर पाय धुवायचो मी,” सत्यजीत म्हणाला. “ती माझी आई आहे.”

हर्षदाने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

“वडील रेल्वेत होते. ते गेले, क्वार्टर सुटलं. आई भाड्याच्या खोलीत राहते. मी पुण्याचा म्हणून सांगतो, कारण दौंडचा म्हणलं की लोक लगेच विचारतात, मग घरी कधी गेला होतास? लांब असतं तर सांगायला तोंड तरी असतं. सणसवाडीहून दौंड ते काय गं! पण शिफ्ट, ओव्हरटाइम… या रविवारी येतो म्हणायचं, मग पुढच्या. मला कळलंय, ती रोज फलाटावर येऊन बसते. पुण्याची डेमू गाडी येते तेव्हा. माझ्यासाठी.” त्याचा आवाज चिरकला. “पोरं येडी म्हणतातच. उद्या तुझा अंक त्यांच्या मोबाइलवर गेला, की हडळ म्हणून दगड मारतील. आणि ते चित्र मीच छापलेलं असेल.”

“मला सांगायचं होतंस.”

“काय सांगू? चाळीस पोरांना मी शिकवतो, माणसाकडं नीट बघा.”

 मग हर्षदाने भीत भीत विचारलं, “पानं… संपली?”

“नाही. माझ्या मोबाइलात आहेत. पुसायला गेलो होतो. तू तिच्या कपाळावरची खोक काढलीयस. आईचा इतका नीट फोटो माझ्याकडं एकसुद्धा नाही, हर्षदा.”

फोन बंद झाला. पाठोपाठ पानं येऊ लागली, एकामागून एक, सातच्या सात; त्यांना जागा व्हावी म्हणून तिने काकाची सगळी गाणी पुसून टाकली. शेवटी एक ओळ: “आता तू ठरव.”

जे हवं होतं ते हातात होतं. फक्त चढवायचं. हर्षदाने बोट उचललं, आणि पहिल्या चौकटीतल्या बाईने तिच्याकडे बघितलं.

बोट तसंच हवेत राहिलं. हे ठरवणारी मी कोण? आणि सत्यजीतदादा तरी कोण?

तिने त्याला लिहिलं, “उद्या मी दौंडला जाऊन त्यांनाच विचारणार आहे. तू पण ये.”

त्याने वाचलं. उत्तर आलं नाही.

७

“बसायचं न्हाई गाडीत, आन् तिकीट?” फलाटाचं तिकीट काढताना आबांनी खिडकीशी हुज्जत घातली. पोरीला एकटं सोडणार नाही म्हणून ते पटका बांधून, काठी घेऊन सोबत आले होते. माया स्टेशनाबाहेर भेटली. तिने लांबूनच बाकडं दाखवलं. आबा चहाच्या गाड्यापाशी थांबले.

बाकड्यावर ती बसली होती.  स्वतः काढलेलं चित्र असं श्वास घेताना बघायचं म्हणजे!

“मावशी, बसू का?”

“बस की. रेल्वेचं हाय.”

कुशाबाई त्यांचं नाव. हर्षदाने तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी विचारलं, “कुणाची वाट बघताय?”

“वाट? कुणाची न्हाई बाई. पोरगा हाय सणसवाडीला. त्याला सुट्टी घावली की यील. त्याच्यासाठी हितं कशाला बसू? त्याला घर ठावं हाय की.”

“मग रोज इथं…”

“खोलीत काय हाय? एकटीची भाजी निवडायची ती किती येळ? हितं मानसं दिसत्यात. कुनाचं पोर रडतंय, कुनाची पिशवी फाटती. बोलत न्हाई कुनी. पन बरं वाटतं.”

कट्ट्यावरची ती कधीच न बोलणारी नावं हर्षदाला आठवली. रोज येऊन, बघून, गुपचूप जाणारी. कोण असतील ती? कुठल्या खोल्यांतून येत असतील? आजवर तिने त्यांतल्या एकालाही ‘ये, बस’ म्हटलं नव्हतं.

तिने मोबाइल पुढे केला. सगळं सांगितलं, काही न लपवता. मुलाचं नाव तेवढं घेतलं नाही. ते तिचं सांगायचं नव्हतं. कुशाबाईंनी मोबाइल हातभर लांब धरला आणि एकेक पान बघितलं. सावकाश. तोंडावरची रेघ हलली नाही.

“ही मी?”

“व्हय.”

“हडळ?”

“व्हय.” हर्षदाने मोबाइलकडे बोट केलं. “मावशी, तुम्ही नको म्हणलात तर पुसून टाकते. आत्ता. तुमच्यादेखत. दुसरीकडं कुठंच नाहीत ती, हितंच आहेत.” आणि दादाकडची? तीही पुसायला लावली असती तिने. तिला ते बोलताना रडू येत होतं, पण ती खोटं बोलत नव्हती.

कुशाबाई पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. “पोरं मला येडी म्हणत्यात. ठावं हाय?”

“हो.”

“येडीला कोन भ्यातंय? जो तो टपली मारून जातो.” त्यांनी चित्रातल्या स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. “हडळीला भित्यात. न्हवं? राहू दे. हडळच राहू दे.”

“खरंच?”

“पन ही तिकिटं काय म्हनून खाती गं? कागद खाऊन पोट भरतंय व्हय? एखाद्या डब्यातली भाकरी तरी खाऊ दे तिला!”

हर्षदा हसायला लागली, रडता रडताच. तिथल्या तिथे तिने शेवटच्या चौकटीत हडळीच्या मांडीवर एक भाकरी काढली, बोटाने, दोन मिनिटांत, वर कांदा ठेवला, आणि सातही पानं चढवली. फडताळ भरलं.

तेवढ्यात कुशाबाईंनी तिच्या हातातून मोबाइल हिसकावूनच घेतला आणि उभ्या राहिल्या.

“ए ज्योतिबा! चायवाल्या! हिकडं ये! मी छापून आली! हडळ हाय मी, बघ!”

ज्योतिबाच्या हातातली किटली तिरपी झाली. इतकी वर्षं तो या फलाटावर चहा विकत होता; या बाईला एवढा मोठा आवाज आहे हे त्याला आज कळत होतं. आबा काठी टेकत पुढे आले. दोन हमाल आले. चिडवणारी पोरं आली आणि जरा लांबच उभी राहिली.

पुण्याची डेमू लागली. माणसं भसाभस उतरली. त्यांत कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक बारकासा माणूस दाराशीच घुटमळत होता. हर्षदाने त्याला आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, तरी बघताक्षणी ओळखलं. ते नाक, ती हनुवटी तिने स्वतःच्या बोटाने सात पानं काढली होती.

कुशाबाईंनीही बघितलं. मोबाइल झेंड्यासारखा उंच धरून, अख्ख्या दौंडला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या,

“सत्या! पळ! हडळ आली!”

आणि तो पळालाच. बाकड्याकडे.